पाचवं प्रकरण

डोळ्यांत थेंब घालून नर्सनं डोळे मिटून बसायला सांगितलं, तेव्हा निवृत्त मास्तरांना दवाखान्याच्या बाकावर ऐकण्यावाचून काही काम उरलं नाही. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“पुस्तक छान जमलंय गं. पण मुलांसाठी आहे ना? मग ते पाचवं प्रकरण काढून टाक.”

“नाही काढणार, त-ताई.”

“निदान शेवटी त्यातल्या मुलीचं बोलताना अडखळणं थांबलं, असं तरी लिही.”

“माझं कुठं थांबलं? ती अडखळतच अख्खा धडा वाचते. तेराव्या वर्षी मी शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं पालथी घातली होती. त्यांत अ-अडखळणारा माणूस भेटला, तो फक्त हसवण्यापुरता.”

“आणि मैत्रिणींसमोर तिची नक्कल करणारी मोठी बहीण? सगळे मला ओळखतील.”

“ओळखू देत. ते घडलंय.”

पानं उलटल्याचा आवाज आला.

“मग नीट तरी लिही. धाकटी दाराआड उभी आहे हे बहिणीला ठाऊक नव्हतं, असं लिहिलंयस तू.”

“हो.”

“मला ठाऊक होतं. दाराखालून तुझे पाय दिसत होते.”

नर्स मास्तरांजवळ आली. “काका, उघडा आता डोळे.”

“दोन मिनिटं थांबा,” मास्तर म्हणाले.

“बदलते,” धाकटी म्हणाली. “आजच ब-बदलते.”

“बदल. आणि मला वाचून दाखव.”

“मी? म-मोठ्यानं?”

“तूच. मला घाई नाही.”