लोखंडी तळवा

स्पीडवेच्या, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या मैदानावर, सॉसेजच्या रांगेत, माझ्यापुढे म्हातारा नेव्हिल आणि त्याची बायको डल्सी.

"डल्सी, माझा लोखंडी तळवा कुठंय? तो डाव्या बुटाखाली बांधल्याशिवाय वळणावर पाय घासू कसा?"

"तुला घासायचाच नाहीये. या नजरेनं गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात."

"मग जुन्या गाड्यांच्या फेरीत आपली गाडी नाहीच?"

"आहे की. इतकी वर्षं मी ढकलून सुरू करून दिली. आज तू ढकल."

"आणि बसणार कोण?"

"तू डोळे दाखवायला शहरात जायचास, तेव्हा मागच्या माळावर मी काय करत होते?"

"अगं, तिला ब्रेक नाहीत."

"तुझ्याशी संसार केलाय. सवय आहे."

रांग पुढे सरकली. डल्सीचं डावं पाऊल सिमेंटवर खणखणलं.