नुसतं विमान

मावशी : जिन्याखालची खोली रिकामी केली मी. बटाट्यांची पोती बाहेर, गाद्या आत. आता रागव हवं तर.

ताई : मावशी, तिथे गाद्या टाकायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना! पोरांनी पाहिलं तर?

मावशी : पाहू देत.

ताई : पाहू देत काय? लढाईच्या ढिगाऱ्यांतून काढून आणलंय एकेकाला. आई नाही, बाप नाही. नुसता जिना दिसला तरी त्याखाली शिरायची. त्यांना तिथून बाहेर काढता काढता माझं वर्ष गेलं.

मावशी : मला सांगतेस? चिमणीला पलंगाखाली ताट सरकवून जेवू कोण घालत होतं? पण आज ड्रायव्हरकाका दुधाला गेले, ते रिकाम्या किटल्या घेऊन परतले. नदीवरचा पूल उडवलाय.

ताई : अफवा असेल. लढाई तिकडे लांब आहे. म्हणून तर पोरांना इथे आणलं.

मावशी : डोळ्यांनी पाहून आलेत गं. एरवी तोंडाला कुलूप नसतं त्यांच्या. आल्यापासून गाडीची काच पुसत बसलेत.

ताई : मग सगळ्यांना गाडीत घालू आणि...

मावशी : आणि नेऊ कुठून? पूल तो एकच.

ताई : संस्थेच्या ऑफिसला फोन लावते.

मावशी : लाव. सकाळपासून बंद पडलाय मेला. आणि तू पोरांना काय शिकवलंयस? विमानाचा आवाज आला की लपायचं नाही. हात धरायचे, अंगणात यायचं, वर बघून टाटा करायचा.

ताई : खोटं नव्हतं ते! इथून प्रवासी विमानंच जायची, मावशी. नुसती विमानं होती ती.

मावशी : तू चुकलीस असं कुठे म्हणतेय मी? चिमणीने पहिल्यांदा टाटा केला तेव्हा मीसुद्धा ढसाढसा रडले होते. पण आज तीच सगळ्यांच्या पुढे पळेल.

ताई : काय सांगू मग त्यांना? ताईने फसवलं म्हणून? पुन्हा कुणावर विश्वास ठेवतील का ती?

मावशी : जगली तर ठेवतील ना!

(दुरून घरघर ऐकू येते.)

ताई : मावशी... पोरं कुठायत?

मावशी : खेळाच्या खोलीत. बटाटे निवडायला चला म्हणून आणते त्यांना. चिमणी तेवढी अंगणात आहे, बाहुलीचे कपडे वाळत घालतेय. तू तिला बघ, पळ!

ताई : चिमणे! आत ये!

चिमणी : ताई, विमान आलं! ये ना, हात धर!

ताई : आत ये म्हणते ना मी!

चिमणी : मी नाही घाबरत आता. आज खूप आहेत, बघ तरी! केवढी खाली आलीत.

मावशी : बाकीची सगळी आत आली गं! उचलून आण तिला!

ताई : नको, उचललं तर पुन्हा पहिल्यासारखी... चिमणे, ऐक. मला भीती वाटतेय.

चिमणी : तुला?

ताई : हो, मला. खूप. जिन्याखाली जाऊन बसावंसं वाटतंय. पण एकटीने नाही बसवत गं.

चिमणी : वेडाबाई! आधी नाही का सांगायचं? चल, मी येते. धाव ना! डोकं वाकव, लागेल. मावशी, थोडी सरक.

मावशी : ये बाळा. दार लावते मी.

चिमणी : ताई, कान झाक. आणि तोंड उघडं ठेव, म्हणजे कान दुखत नाहीत. आई सांगायची.

ताई : हो, राणी.

चिमणी : किती थरथरतेस गं. नुसतं विमान आहे. आत्ता जाईल, बघ.