जहाजावरची टिप आणि एक खोटं कारण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या समुद्रसहलीचे म्होरके श्री. विनोदराव सुर्वे, प्रमुख पाहुण्या डॉ. दर्शना केळकर, ज्यांनी या सभागृहातल्या निम्म्या लोकांचे गुडघे तपासले आहेत आणि उरलेले निम्मे आज ना उद्या त्यांच्याकडेच जाणार आहेत; जिच्यासाठी आपण सारे जमलो ती सत्कारमूर्ती भाविका डोर्लेकर; पहिल्या रांगेत पदर खोचून बसलेल्या तिच्या आई गोदाबाई; आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे घड्याळाकडे बघण्याचे कष्ट कुणाला नकोत.

भाविका आपल्या पूर्णगडची. बारा वर्षं ती प्रवासी जहाजावर खोल्यांची व्यवस्था बघते. येत्या सोमवारी ती पुन्हा जहाजावर जाईल, ती सुपरवायझर म्हणून. त्यासाठी हा निरोप आणि हा सत्कार. पण ही बढती जवळजवळ हुकली होती आणि ती हुकवणारे लोक परके नव्हते. ते आज याच सभागृहात बसले आहेत. एक तर व्यासपीठावर बसले आहेत. घाबरू नका, विनोदराव. तुम्हीच मला म्हणालात, "शिरगावकरबाई, सगळं सांगा, काही झाकू नका." मी आज्ञाधारक आहे.

गेल्या वर्षी आपलं मंडळ सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर गेलं. आपण बरोबर काय काय नेलं होतं, आठवतंय? आंबावडी, कुळथाचं पीठ, तळणीच्या मिरच्या. जणू जहाजावर उपासमार होणार होती. पहिल्याच दिवशी विनोदराव बोळात उभे राहून ओरडत होते, "माझी चप्पल कुठे गेली? इथे पण चोऱ्या होतात की काय?" तर मागून आवाज आला, "काका, चप्पल पलंगाखाली आहे. तुम्हीच पायानं ढकललीत."

शुद्ध मराठी! गणवेशातली एक बाई, हातात टॉवेलांची चळत. मग काय विचारता! गाव कुठलं, घर कुठलं, आई कोण? गोदाबाईंची मुलगी आहे म्हटल्यावर मी तर कपाळाला हात लावला. गेली वीस वर्षं मी मच्छीबाजारात गोदाबाईंशी भांडते आहे. मी म्हणते, "हे पापलेट कालचं आहे." त्या म्हणतात, "बाई, कालचं तुमचं डोळं हायत. मासा आजचा हाय." तर त्या घरची ही मुलगी. जिभेला धार असणारच.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की या सफरीच्या शेवटी सुपरवायझरच्या जागेसाठी तिचं नाव वर जाणार आहे. दोनदा गेलं होतं, दोनदा राहिलं होतं. "या वेळी राहिलं तर मग वय झालं म्हणतील, बाई. मग मी आईच्या शेजारी माशांची पाटी घेऊन बसते." ती हसत म्हणाली, पण तिचं हसू लवकर संपलं.

आता जहाजावरच्या टिपेबद्दल. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी, पण ठाऊक असून ज्यांनी घोळ घातला त्यांच्यासाठी पुन्हा सांगणं भाग आहे. मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत होते. बारीक अक्षरातला मजकूर वाचणं हा माझा धंदाही आणि माझं व्यसनही. त्या जहाजावर प्रत्येक प्रवाशाच्या नावावर रोज ठरावीक रक्कम टिप म्हणून आपोआप लागते. कुणाच्या हातात काही द्यावं लागत नाही. सगळी रक्कम एकत्र होते आणि तिचे वाटे पडतात. खोली आवरणारीला, जेवण वाढणाऱ्याला, आणि ज्यांचं तोंडसुद्धा आपल्याला दिसत नाही त्यांनाही. खाली तळाशी चादरी धुणारे आहेत, ताटं विसळणारे आहेत.

यात परकं काय आहे? आपण रत्नागिरीची माणसं. होडी बंदराला लागली, मासळीचा लिलाव झाला, डिझेल-बर्फाचा खर्च गेला की काय करतात? मालकाचा वाटा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. होडीवर भात शिजवणाऱ्यालाही वाटा मिळतो. त्यानं जाळं ओढलं नाही म्हणून त्याचा वाटा कुणी मारल्याचं ऐकलंय? गोदाबाई मान हलवताहेत. मारला तर तो भातात काय टाकील, याचा भरवसा नाही.

एक गोष्ट मात्र मी स्पष्ट बोलणार. ही माणसं तुमच्या नोकरीत, तुमच्या जहाजावर, तर त्यांचा पुरता पगार तुम्ही द्या. तो प्रवाशांच्या गळ्यात कशाला मारता? कंपनीला काय धाड भरली आहे? हे मी तिथेही बोलले आणि इथेही बोलते. पण कंपनीवरचा राग खोली झाडणाऱ्या बाईवर काढायचा नसतो. एवढं कळायला कॉन्व्हेंटात जावं लागत नाही.

आमच्या गटाचं काय झालं? ही टिप नको म्हटलं, तर काउंटरवर हिशेबातून काढूनही टाकतात. विनोदरावांना वाटलं, आपोआप कसली टिप? देणं म्हणजे स्वतःच्या हातानं, समोरच्याचा चेहरा बघून द्यायचं असतं. त्यांच्या घरात पुरोहितापासून नारळ पाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हातात देण्याची रीत आहे. मनात खोट नव्हती, हे मी आधी नोंदवते. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या नावावरची टिप काढायला लावली आणि तेवढ्या पैशांचं एक पाकीट भाविकासाठी बाजूला ठेवलं. आमच्यापैकी कुणाला विचारलं? नाही. म्होरक्यानं विचारायचं नसतं, असा त्यांचा समज होता.

मला कसं कळलं? भाविकामुळे नाही. प्रवाशांशी टिपेबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांना नियम असतो. मला कळलं ते एका हाकेवरून. सफर संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ती खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, टॉवेल बदलू?"

मी म्हटलं, "काय गं? काल बाई होते, आज मॅडम? काय बिनसलं?"

"काही नाही, मॅडम."

ती चादर ओढत होती आणि माझ्याकडे पाठ होती. गोदाबाईंची मुलगी आणि गप्प! मी टीव्ही लावला. त्या जहाजावर खोलीतल्या टीव्हीवर आपला हिशेब दिसतो. टिपेची ओळ गायब. मी तशीच उठून विनोदरावांकडे गेले. ते बुफेत तिसऱ्यांदा आइस्क्रीम घेत होते.

"विनोदराव, टिप कुठे गेली?"

"काढली हो, बाई. आपण हातानं देणार. पाकीट तयार आहे. आपली पोरगी आहे ती, तिचं तिला मिळायला नको?"

"आणि काढताना कारण काय सांगितलंत?"

"कारण? हां, काउंटरवरची पोरगी विचारत होती खरी. काहीतरी सांगायला हवं ना. मी म्हटलं, सर्व्हिस नॉट गुड."

मंडळी, मी आयुष्यात फार लोकांवर चिडले आहे. ऑफिसात माझ्या टेबलाशी यायला लोक देवाचं नाव घ्यायचे. पण त्या क्षणी तोंडातून जे शब्द निघाले, ते इथे सांगण्याजोगे नाहीत. विनोदरावांचं आइस्क्रीम वितळलं, एवढंच सांगते.

माझ्या नावानं, मला न विचारता, एक खोटं नोंदवलं गेलं होतं. आणि ते खोटं कुठे गेलं होतं? काउंटरवर जाऊन मी विचारलं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, एका रांगेतल्या सगळ्या खोल्यांनी सेवा वाईट म्हणून टिप काढली, तर ती तक्रार त्या रांगेच्या कर्मचाऱ्याच्या नावावर चढते. बढतीसाठी नावं उद्या सकाळी जातात. या कर्मचाऱ्याचं नाव त्यातून वगळलं आहे.

"आणि आम्ही तिला पाकीट दिलं तर?"

तर तेही तिला ठेवता येणार नाही. ज्या प्रवाशांनी टिप काढली, त्यांच्याकडून हातात आलेलं सगळ्यांच्या वाट्यात जमा करावं लागतं. म्हणजे आमच्या औदार्यातून तिच्या पदरात पडणार होती ती फक्त तक्रार.

आमच्या शाळेत सिस्टर ॲग्नेस होत्या. त्या म्हणायच्या, तक्रार करायची तर ताठ उभं राहायचं, सुरुवात 'प्लीज'नं करायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. मी ताठ उभी राहिले, प्लीज म्हटलं आणि हलले नाही. मागे रांग लागली, तरी हलले नाही. शेवटी मोठे साहेब बाहेर आले. ते म्हणाले, एकदा चढलेला शेरा काढता येतो. पण ज्या ज्या प्रवाशाच्या नावावर तो आहे, त्यानं स्वतः इथे येऊन सांगायला हवं. आणि कारणही सांगायला हवं.

आता आपले लोक कुठे होते? कुणी पत्ते खेळत होतं, कुणी पाण्यात पाय सोडून बसलं होतं, कुणी खोलीत घोरत होतं. आणि इथे मला विनोदरावांचे आभार मानायचे आहेत, मनापासून. हा मनुष्य गुडघ्याला पट्टा बांधून त्या जहाजाचे मजले चढला, उतरला. एकेकाला उठवून आणलं. "अहो चला, माझ्या हातून पाप झालंय," असं भर बोळात ओरडत आणलं. आणि रांगेत पहिले स्वतः उभे राहिले. हातात टोपी, समोर काउंटरवरची मुलगी. म्हणाले, "सर्व्हिस व्हेरी गुड. आय टोल्ड लाय. शी गुड. मी बॅड."

मी भाषांतर करायला पुढे झाले होते. गरजच पडली नाही.

मग एकेकानं कारण सांगितलं आणि ते मी इंग्रजीत केलं. दीपालीताई म्हणाल्या, तिनं टॉवेलचा हत्ती केला आणि त्याला माझा चष्मा घातला, मी महिन्यानं हसले. शमिकाताई म्हणाल्या, आरशासमोर मी देव मांडलेत, ती दिव्याला धक्का न लावता भोवतीचं पुसते. विनोदराव पुन्हा पुढे घुसले, म्हणाले, ती रोज विचारते, काका, गोळी घेतलीत का? घरी कुणी विचारत नाही. सुर्वेवहिनी, माझ्याकडे बघू नका, हे ते म्हणाले. काउंटरवरची मुलगी टाइप करत होती. अर्ध्यावर तिनं थांबून डोळे पुसले आणि पुन्हा टाइप करू लागली. टिप परत लागली, शेरा गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाव वर गेलं.

उतरताना पाकीटही दिलं. आता ते तिला ठेवता येत होतं. तिनं ठेवलं, आणि छान केलं. उगाच "नको, नको" केलं असतं तर मी तिला तिथेच झापलं असतं. त्या सकाळी तिनं मला हाक मारली, "बाई, बॅग मी घेते." मॅडम गेली होती. मला तेवढं पुरे होतं.

आता आभार. या मंडळाचे आभार, कारण चूक कळल्यावर यातला एकही माणूस खोलीत लपून बसला नाही. गोदाबाईंचे आभार, पण पापलेट कालचंच होतं. आणि आमच्याही सभागृहात वाटे पडले पाहिजेत. पडद्यामागे भजी तळणाऱ्या बाया आहेत, खुर्च्या मांडणारे आहेत, हा माईक सांभाळणारा समर्थ आहे. ते कुणाला दिसत नाहीत. भज्यांवर तुटून पडण्याआधी त्यांच्यासाठी एकदा टाळ्या वाजवा. हां, जरा जोरात. पंखे थांबलेत, ऐकू जाईल.

एक राहिलंच. त्या दिवशी काउंटरवर माझी पाळी शेवटची होती. मोठ्या साहेबांनी विचारलं, आणि तुमचं कारण? दिवसभर बोलणारी मी, मला सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "बिकॉज इट इज ट्रू," आणि बाजूला झाले. आज भाविका समोर आहे, तर सांगते.

माझी आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. रोज तिची चादर मी बदलत होते. ती गेल्यावर माझी मी बदलते. जहाजावर पहिल्या सकाळी सवयीनं मी माझा पलंग आवरून बसले होते, कोपरे दुमडून, सिस्टरांनी शिकवले तसे. भाविका आली, तिनं पाहिलं, आणि सगळी चादर काढून टाकली. म्हणाली, "बाई, उठा. हे माझं काम आहे. तुम्ही खिडकीत बसा, समुद्र बघा." मी खिडकीत बसले. मागे चादर झटकल्याचा आवाज येत होता. माझ्यासाठी कुणीतरी अंथरूण घालत होतं. हे माझं कारण, भाविका. ते त्या यंत्रात नोंदवलं गेलं नाही, इथे नोंदव.

सोमवारी नीट जा. तुझ्या हाताखालच्यांना तुझ्या आईसारखं बोल आणि त्यांचे वाटे कुणाला मारू देऊ नकोस.

वेळ फार घेतला, जीभही नेहमीप्रमाणे सैल सुटली. अध्यक्षमहाराज, पाहुण्या, मंडळी, यात कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. आणि क्षमा करता येत नसेल, तर माझ्या नावावरचं जे काही चांगलं असेल ते खुशाल वजा करा. कारण मात्र खरं लिहा.

नमस्कार.