चार तास आठ मिनिटांची फाईल

संस्थेच्या अध्यक्ष माननीय संयोगिताताई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले ध्वनिमुद्रक बाबासो, आणि चहा येईपर्यंत थांबण्याचं सौजन्य दाखवणाऱ्या माझ्या कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. कार्यवाह म्हणून गेली बावीस वर्षं माझे दोन शब्द किती लांबतात, हे आपण जाणताच. मागच्या साली शेवंताबाईंच्या कार्यक्रमात ते पन्नास मिनिटं लांबले होते.

गडमुडशिंगीच्या शेवंताबाई. वय शहाऐंशी. डॉ. बाबासाहेबांवरच्या शेकडो ओव्या तोंडपाठ, आणि त्यांचा आवाज तोवर कुणीच टिपलेला नव्हता. मग आपण काय केलं? आधी एकवीस सत्कार केले! फेटे बांधले, नारळ दिले, सगळ्यांची मनोगतं ऐकली. चार तास म्हातारी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होती. त्यानंतर ती तासभर गायली, आणि काय गायली!

दुसऱ्या दिवशी बाबासोंना पुतणीच्या लग्नाला पन्हाळ्याला जायचं होतं. जाताना म्हणाले, “साहेब, एवढं लांब रेकॉर्डिंग एका फाईलीत मावत न्हाय. चार जीबीच्या म्होरं तुटतंय. परवा येऊन दोन भाग करतो की.”

दोन भाग? मग दुसऱ्या भागात कुणाचं भाषण घालायचं? कोल्हापुरात दुसऱ्या पंगतीला बसायला कोण तयार होतो, सांगा! शिवाय पाहुण्यांना पेनड्राइव्ह पाठवायची मला घाई. म्हणून मीच कॉम्प्युटरवर बसलो आणि सगळ्याची एकच फाईल काढली. मध्येच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना आली. संस्थेच्या कागदांवर मी जशी न वाचता सही करतो, तसंच ओके दाबलं. मग फाईल तपासलीसुद्धा, माझं भाषण संपेपर्यंत. आवाज उत्तम होता. लगेच जागा मोकळी करावी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

फाईल निघाली चार तास आठ मिनिटांची. एकवीस सत्कार शाबूत. शेवटी शेवंताबाई खाकरतात, विचारतात, “आता म्हणू व्हय?” आणि फाईल संपते.

तीन महिन्यांनी शेवंताबाई गेल्या. त्यांची लेक क्रांतीताई आवाज मागायला आली, तेव्हा कुठे हे उघड झालं. आपल्या इतिवृत्तात नोंद आहे, ‘ध्वनिमुद्रकाचा निष्काळजीपणा’. ती नोंद माझ्या अक्षरात आहे.

बाबासोंनी कुणाकडे ब्र काढला नाही. गेल्या आठवड्यात मी विचारलं, का हो? म्हणाले, “आवाज तर गेला न्हवं. आता तुमचं नाव घिऊन काय करू?” त्यानंतर मला झोप लागलेली नाही. मला माझी लाज वाटते.

अध्यक्षांना माझी विनंती आहे, ती नोंद आजच खोडून तिथे माझं नाव लिहावं. बाबासो, तीस वर्षं तुम्ही आमच्यासारख्यांचं बोलणं कान देऊन ऐकलंत, त्याबद्दल संस्था तुमची ऋणी आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपलेही आभार.

भाषण संपवताना चुकलं-माकलं पदरात घ्या म्हणायची रीत आहे. आजवर ते मी सगळ्या सभेला म्हणत आलो. आज फक्त तिसऱ्या रांगेत बसलेल्या क्रांतीताईंना म्हणतो. आणि ताई, तुम्ही नाही म्हणालात तरी तो तुमचा हक्क आहे.