पहिल्या शनिवारची फेरी

(वटारमधलं जुनं कौलारू घर. दुपार. आत बांधाबांध चालली आहे. फ्लॉसी ओट्यावर, काळूराम पायरीवर.)

काळूराम : फादर गेले म्हंजे कुठं गेले? बदली झाली काय?

फ्लॉसी : बदली फादर लोकांची होते रे. माझ्या भावाने फादरचा झगा उतरवला त्याला चाळीस वर्षं होतील. क्लेमेंट वारला, काळूराम. मागच्या महिन्यात पुरलं त्याला. किती वेळा सांगू?

काळूराम : ऐकलं, बाय. कानात गेलं. खाली उतरत नाय.

फ्लॉसी : पाणी पी आधी. केवढा दमलायस. चालत आलास?

विनिता : आई, टेम्पोवाला सारखा फोन करतोय, वाटेत अडकलाय म्हणे. कपाट आधी काढायचं की... हे कोण?

फ्लॉसी : काळूराम, चिंचोटीचा. दोन वर्षं इथे होता तुझ्या मामाकडे. तू तेव्हा नुकतीच लग्न होऊन विरारला गेलेलीस. काळूराम, ही माझी मुलगी, विनिता.

विनिता : अच्छा, पेशंट. काका, सॉरी हां, पण इथलं सगळं बंद झालं. मामांकडे जे चौघं राहिले होते त्यांना संस्थेत पाठवलं, लांब. घर वाटणीत दुसऱ्यांकडे गेलंय, आज खाली करून द्यायचंय. आई माझ्याकडे येतेय.

काळूराम : मी पेशंट नाय. मी बरा होऊन गेलेलो. फादरनीच नेऊन सोडला भावाच्या घरी. मी गोळ्या न्यायला आलोय.

फ्लॉसी : कसल्या गोळ्या?

काळूराम : डोक्याच्या. फादर आनून द्यायचे त्या.

फ्लॉसी : कुठे आणून द्यायचा?

काळूराम : चिंचोटीला, आमच्या पाड्यावर. महिन्याच्या पहिल्या शनवारी. स्कूटर वर चढत नाय, मग खाली रस्त्याला लावायचे नि चढायचे. धाप लागायची त्यांना. मी म्हनायचो, फादर, मीच येतो ना खाली. तर म्हनायचे, तू खाली आलास तर गोळी खाल्लीस का फेकलीस ते मना कोन सांगनार? तुझ्या भावजयला विचारायला येतो मी, तुला भेटायला नाय.

विनिता : पण पहिल्या शनिवारी मामा वसईला जायचे ना, मित्राकडे पत्ते खेळायला?

फ्लॉसी : तसं सांगायचा. संध्याकाळी यायचा तो चपला चिखलाने भरलेल्या. मी म्हणायचे, कुठे बसून पत्ते खेळता रे तुम्ही, शेतात? तर हसायचा नुसता.

काळूराम : मग एकदम यायचे थांबले. पावसाच्या आधी.

विनिता : एप्रिलमध्ये. स्कूटरची चावी काढून घेतली आपण.

फ्लॉसी : काय करणार होतो? डोळ्यांनी दिसत नव्हतं त्याला. पार डोंगराकडे, कामणच्या वळणावर पडला, कोपर फुटलं. मी विचारलं, वसईला पत्ते खेळायला जाणारा माणूस कामणला कशाला पडतो? म्हटलं, आण ती चावी.

काळूराम : होत्या तेवढ्या गोळ्या मी अर्ध्या अर्ध्या करून खाल्ल्या. वाटलं, आज येतील, उद्या येतील. मग संपल्या.

फ्लॉसी : विनिता... तो शेवटी चिंचोटी चिंचोटी करायचा.

विनिता : आई, स्ट्रोक आला होता त्यांना. जीभ वळत नव्हती. काहीही बोलायचे.

फ्लॉसी : तेवढा एक शब्द वळायचा. आणि आपल्याला काय वाटलं? सेमिनरीत फादर व्हायला शिकत असताना पोरं चिंचोटीच्या धबधब्यावर सहलीला जायची, ते आठवतंय त्याला. मी उशाशी बसून धबधब्याच्या गोष्टी सांगायचे गं. पाणी किती गार होतं, कोण घसरून पडलं होतं. तो माझा हात झटकून टाकायचा. मला वाटायचं, आजारी माणूस, चिडचिडा झालाय.

विनिता : आपल्याला कसं कळणार होतं?

फ्लॉसी : नव्हतंच कळणार. त्याने कधी कोणाला काय सांगितलं? काळूराम, मग गोळ्या संपल्यावर काय झालं?

काळूराम : आवाज आले परत. धबधब्याला गिऱ्हाईक येतं ना, भाऊ भजी-चहाची टपरी लावतो तिथं. मी त्या लोकांवर धोंडे उचलले म्हनतात. मना आठवत नाय. पोलीस आले, टपरी मोडायला लावली. भावानं मना शेळ्यांच्या गोठ्यात बांधला. हे बघा, अजून वळ आहेत.

विनिता : बापरे.

काळूराम : त्याचा राग नाय. त्याचीबी पोरं आहेत. काल सोडला नि म्हनाला, जा तुझ्या फादरकडं, इथं परत दिसू नको.

विनिता : म्हणजे मामांनी घरी पोचवलं आणि घरच्यांनी पुन्हा हाकललं. आई, हेच म्हणत होते मी. जन्मभर रस्त्यावरची माणसं उचलली, आंघोळी घातल्या, जखमांतले किडे काढले, गावं शोधून शोधून घरी सोडलं. पुरायला कोण होतं? आपण घरचे, बागेत कामाला येणारे आत्माराम आणि अंत्यविधीची मिस्सा म्हणणारे फादर. ज्यांना सोडलं त्यातलं एक माणूस आलं का?

काळूराम : कोनी कळवलंच नाय तर कसे येनार?

फ्लॉसी : कोणाला कळवायचं तेच ठाऊक नव्हतं. सगळे पत्ते त्याच्या डोक्यात.

काळूराम : मग बाकीचे?

विनिता : बाकीचे कोण?

काळूराम : फादर आमच्याकडं पानी प्यायचे नि लगेच उठायचे. म्हनायचे, अजून दोन डोंगर आहेत. पिशवीत गोळ्यांच्या लई पुड्या असायच्या.

फ्लॉसी : कुठे जायचा पुढे?

काळूराम : ते मी इचारलं नाय, बाय.

विनिता : एप्रिलपासून... देवा. किती असतील?

फ्लॉसी : नको विचारू. उत्तर कोण देणार आहे?

काळूराम : बाय, एक इचारू? त्यांनी झगा काढला तो आमच्यासारख्यांपायी, असं लोक म्हनायचे. खरं काय?

फ्लॉसी : खरं. चर्चच्या पडवीत वेडे झोपवायचा. लोकांनी तक्रार केली, पोरं घाबरतात. वरून सांगणं आलं, ह्यांना दुसरीकडे पाठवा नाहीतर तुम्ही दुसरीकडे जा. चुकीचं नव्हतं त्यांचंही. हा म्हणाला, दोन्ही करतो. सगळ्यांना घेऊन इथे आला, बापाच्या घरी. आमच्या आईने त्याचा झग्यातला फोटो भिंतीवरून काढला आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं.

विनिता : आजी शेवटपर्यंत बोलली नाही ना?

फ्लॉसी : बोलली की. शेवटी तिचं डोकं फिरलं, हागणं-मुतणं सगळं तोच काढायचा. तिला वाटायचं, कामाला ठेवलेला माणूस आहे. एकदा म्हणाली, चांगला आहेस रे तू, नीट पुसतोस. माझा एक मुलगा फादर आहे, मोठ्या चर्चमध्ये. त्याला सांगून तुला नोकरी लावते. हा म्हणाला, सांगा हां नक्की, गरज आहे मला. आणि मग विहिरीवर जाऊन तोंड धूत उभा राहिला, किती वेळ.

काळूराम : मना पहिल्यांदा भेटले तेव्हा हेच इचारलं, नोकरी करशील काय? मी गटाराशेजारी पडलेलो, लोक लांबून जायचे. हे खाली बसले, म्हनाले, माझ्याकडं विहिरीवर पानी काढायला मानूस पायजे. इथं आलो तर विहिरीवर मोटर. मी म्हटलं, फसवलं. तर म्हनाले, मोटर बंद करू, तू काढ.

विनिता : थांबा, मी मेडिकलवाल्याला विचारते. काका, गोळीचं नाव काय?

काळूराम : पिवळी, बारीक. नि एक पांढरी, रातच्याला.

विनिता : नाव? रिकामं पाकीट वगैरे?

काळूराम : फादर पुडीत बांधून द्यायचे.

विनिता : आई, ते गोळ्या लिहून देणारे डॉक्टर? मामांचे मित्र?

फ्लॉसी : ते क्लेमेंटच्याही आधी वारले.

विनिता : चिठ्ठीशिवाय कोणी देणार नाही. सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल, सोबत घरचं माणूस लागेल. मला उद्या ऑफिस आहे. आमच्याकडे तर दोन खोल्या, त्यात आईसुद्धा... काका, भावाला फोन लावू का? समजावते मी.

काळूराम : नका लावू. तो उचलेल नि मग मी बोललो की ठेवेल. ते ऐकवत नाय.

विनिता : मग संस्थेत विचारते. (फोन लावते.) हॅलो? हो, परवा चौघांना सोडलं ना, तीच. अजून एक जण आहेत... नाही, नातेवाईक नाही... बरं. किती दिवसांनी करू फोन?... बरं.

फ्लॉसी : काय म्हणाले?

विनिता : जागा नाही. कोणी गेलं तर कळवू, म्हणाले.

काळूराम : गेलं म्हंजे मेलं तर.

विनिता : हो.

फ्लॉसी : काळूराम, जेवलायस का? सकाळचा भात आहे. बोंबलाचं कालवण आहे थोडं.

काळूराम : जेवतो. मागनं. टेम्पो आला बघा तुमचा. मानसं कुठायत उचलायला?

विनिता : एकटा ड्रायव्हरच आलाय वाटतं. आता काय करायचं? कपाट कोण उचलणार?

काळूराम : मी आहे ना. ह्या खाटाबी न्यायच्या?

फ्लॉसी : त्या भंगारात जायच्या. गंजल्यात.

काळूराम : सगळ्या?

फ्लॉसी : सगळ्या रे.

काळूराम : ही खिडकीजवळची माझी होती. एक बाजू तुम्ही धरा, ताई. नको, राहू दे. हलकी आहे, एकटाच नेतो.

फ्लॉसी : डोकं सांभाळ, काळूराम. चौकट बुटकी आहे.