मास्तरांनी मधले पेडल सांगितले होते

मी, वय २७, धंदा नोकरी, मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या कारखान्यात अभियंता. नाव व कायमचा पत्ता वर नोंदवला आहे. सध्या आईवडिलांसह सुटीनिमित्त या शहरात, स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये मुक्काम. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

काल सकाळी आम्ही तिघे जुन्या मोटारींचे संग्रहालय पाहायला गेलो. बेत वडिलांचा होता. ते बसचालक म्हणून निवृत्त झाले असून आता शाळेची गाडी चालवतात. आजवर त्यांच्या नावावर एकही अपघात नाही.

संग्रहालयाच्या आवारात एक उघडी जुनी मोटार फेरीसाठी ठेवलेली आहे. ज्याच्याकडे वाहन परवाना आहे त्याला ती एक फेरी स्वतः चालवता येते. शेजारी संग्रहालयाचे प्रशिक्षक बसतात. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वडील चालकाच्या जागी उजवीकडे बसले, मास्तर त्यांच्या डावीकडे आणि मी मागच्या सीटवर. आई फोटो काढण्यासाठी खाली थांबली.

या गाडीचे वैशिष्ट्य असे की तिचे ॲक्सिलरेटरचे पेडल मध्ये आणि ब्रेकचे उजवीकडे आहे. आजच्या गाड्यांत नेमके उलटे असते. त्या काळच्या अनेक गाड्यांत अशी रचना होती, त्यामुळे हा गाडीतला दोष नाही.

मास्तरांनी ही गोष्ट वडिलांना सांगितली नाही, असे त्यांच्या काल दिलेल्या जबाबात लिहिले असल्याचे मला कळले. ते बरोबर नाही. त्यांनी सांगितले होते आणि मी ऐकले होते. त्यांचे शब्द असे होते: "साहेब, ही तुमची बस नाही, ही तुमची आजी आहे. तिच्या तऱ्हा वेगळ्या. मधलं पेडल रेसचं. ब्रेक उजवीकडं. आता तुम्ही म्हणून दाखवा."

वडील म्हणाले, "मास्तर, उभा जन्म पेडलांवर गेला माझा."

"म्हणूनच म्हणून दाखवा. नवशिक्याची मला भीती नाही वाटत."

वडिलांनी म्हणून दाखवले. आई खालून म्हणाली, "अहो मास्तर, यांना घरातला गॅस बंद केलेला आठवत नाही, तुमच्या पेडलांचं काय सांगता?" सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांनी इंजिन बंद ठेवून वडिलांकडून ब्रेक दाबून घेतला आणि मगच गाडी सुरू करू दिली. माझ्या कामातही यापेक्षा जास्त खबरदारी कोणी घेत नाही.

फेरी संपत आली तेव्हा आईला समोरून फोटो हवा होता. गाडी पूर्ण बसेना म्हणून ती फोनकडे बघत मागे सरकली आणि शेडजवळच्या वाटेच्या मधोमध आली. वडिलांनी ब्रेक दाबायला पाय टाकला. तो मधल्या पेडलावर पडला. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. अशा क्षणी पाय आठवत नाही, सवयीच्या जागी जातो. हे मी वडिलांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही.

मास्तरांनी स्टीअरिंग आपल्याकडे ओढले आणि स्विच बंद केला. गाडी आईच्या पायाजवळून गेली. तिची एक चप्पल चाकाखाली आली. गाडीची डावी बाजू शेडच्या खांबावर आदळली. डावा दिवा आणि मडगार्ड मोडले. मास्तरांचा डावा हात कोपराखाली मोडला. वडिलांना व मला इजा नाही. आईला इजा नाही.

वाटेच्या उजवीकडे हौदाची भिंत होती. गाडी तिकडे वळली असती तर धडक वडिलांच्या बाजूला बसली असती. शेजारी बसलेल्याला स्टीअरिंग ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे जाते, हे मला ठाऊक आहे. मास्तरांच्या मनात काय होते ते मी ठरवू शकत नाही. धडक कोणाच्या बाजूला बसली, एवढे सांगू शकते.

व्यवस्थापक धावत आले तेव्हा वडील खाली उतरून बोलू लागले होते. मास्तरांनी त्यांना हळू आवाजात म्हटले, "साहेब, तुम्ही गप्प बसा. शाळेची गाडी चालवायचीय ना?" मग व्यवस्थापकांना मोठ्याने म्हणाले, "माझी चूक. पेडलं सांगायची राहिली." व्यवस्थापकांनी तिथेच त्यांना उद्यापासून येऊ नका असे सांगितले.

मी मास्तरांसोबत रुग्णालयात गेले. प्लास्टर होईपर्यंत आमचे बोलणे झाले. त्यात गाडीच्या तांत्रिक बाबी नव्हत्या, म्हणून ते इथे सांगत नाही. शेवटी मी त्यांना म्हटले की मला नीट ऐकू येते आणि ऐकले ते मी सांगणार. त्यावर ते म्हणाले, "पोरी, फार कडक आहेस." मी हो म्हटले.

लॉजवर परतल्यावर वडिलांना हे सांगितले. ते जेवले नाहीत. आज सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "आधी तू सांग. तुझं झालं की मी."

परिणाम माहीत आहेत का, असे विचारल्यावरून सांगते की, आहेत. वडिलांची शाळेची नोकरी जाऊ शकते. त्यांनाही ते माहीत आहे.

माझी मास्तरांविरुद्ध तक्रार नाही. त्यांच्याकडून हयगय झालेली नाही आणि त्यांना कामावरून काढण्याचे कारण माझ्या माहितीत नाही. माझी आई आज दोन्ही पायांवर उभी आहे ती त्यांच्यामुळे. मी त्यांची आभारी आहे. जबाबात आभार लिहीत नाहीत, असे हवालदारांनी सांगितले. तरी हे वाक्य घ्यावे, कारण तेही घडलेलेच आहे.

वरील मजकूर हवालदारांनी वाचायला घेतला तेव्हा वडिलांनी बाहेरच्या बाकावरून जरा मोठ्याने वाचा, अशी विनंती केली. त्याच बाकावर मास्तर बसले होते. वाचन संपल्यावर मास्तर गळ्यातला हात सावरत दारात आले आणि हवालदारांना म्हणाले, "साहेब, माझं कालचंच राहू द्या हो." वडिलांनी त्यांना खांद्याला धरून परत बाकावर बसवले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं सांगून झालं. आता माझी पाळी." आणि ते आत आले.

मजकूर मी ऐकला. मी सांगितला तसाच उतरला आहे, काही वगळायचे नाही. खाली सही करून वडिलांसाठी खुर्ची रिकामी करते.