राजकुमारीले भूक लागली होती

माहं नाव सुमन. बापाचं गाव नवेगाव बांध, आन आता राहतो तेही नवेगाव बांधच, मधात तीन वर्षं तेवढी सासरी सालेकस्याकडं काढली, ते सोडलं तं सारा जलम या पान्याच्या काठानं गेला. आमी ढिवर. हा बांध, मंजे हा तलाव, कोहळी जातीच्या लोकाईच्या वाडवडलाईनं बांधला मनतात, तं माहा बा मने, पाळ त्याईची आन मासोळी आपली. आमच्या घरचं लेकरू चालाले लागाच्या आधी डोंग्यात बसते. मी पोरगी असून डोंगा वल्हवाची, जाळं फेकाची, माय ओरडे का हे पोट्टी सासरी काय करंल, बा मने करंल तं करंल, नाई तं येईल वापस.

तं आली वापस. तीन वर्षांत लेकरू झालं नाई मनून नवऱ्यानं दुसरी पाहून ठेवली आन मले एका सकाळी रेल्वेत बसवून देलं. तुही माय लय बिमार हाय मने, जाऊन ये. मी रस्ताभर रडत आली, गोंदियाले गाडी बदलतानीही रडत होती, आन घरी येऊन पाहतो तं माय वावरात कमरेइतकी वाकून धानाचे रोवणे करून राहिली, चांगली धडधाकट. तिनं मले पाहिलं, माह्या हातातलं गाठोडं पाहिलं. हातातली पेंढी तशीच पकडून उभी राहिली. तवा मले समजलं का आपल्याले टाकलं.

टाकलेल्या बाईचं काय असते हे तुमाले मी काय सांगू. कोनी मारत नाई, कोनी शिव्या देत नाई. हळद लावाले बलावत नाई, एवढंच. माही सख्खी मावशी तिच्या पोरीच्या लग्नात मले मने, सुमन, तू जरा मांगं बस. मी मांगं बसली. बानं मंग मले बांधाजवळच्या सरकारी बंगल्यात कामाले लावलं, चादरी धुवाच्या, फरशी पुसाची, पाहुने गेले का खोल्या झाडाच्या. तेथ सैपाकाले एक महाराज होते, उत्तरेकडचे, हिंदी बोलनारे, सोवळ्याचे. पहिल्याच दिवशी मले मनले, देख बेटी, रसोई की चौखट के अंदर पाँव नहीं रखना. मानूस वाईट नव्हता, रोज माह्यासाठी भाकर बाहेर आनून ठेवे. पन चौखटीच्या आत नाई मंजे नाई. एक तं ढिवराची, त्यात टाकलेली.

बावीस-तेवीस वर्षांची असन मी, तवा एक दिवस बंगल्यावर धावपळ सुरू झाली. भिंतीले चुना, रस्त्यावर मुरूम, गोंदियाहून फुलाच्या कुंड्या. इंग्लंडची राजकुमारी येनार मनले. तेथच्या राजघराण्यातली, कोनाची भाची का चुलत बहीन, ते नातं मले आजपर्यंत समजलं नाई. थंडीत आपल्या बांधावर पाखरं येतात नं दूरदूरची, ते पाहाले येऊन राहिली होती.

तं बंगल्याचा कारभार पाहनाऱ्या सरकारी साहेबाच्या बाईसाहेब होत्या, त्या व्हरांड्यात बसून दुसऱ्या एका बाईले सांगत होत्या आन मी खाली चादरी पिळून राहिली होती. मनल्या, अशी बाई कायले आनून राहिले आपल्या येथ, नवऱ्यासोबत पटत नाई तिचं, सोडलं त्यानं, पेपरात कोनासोबत फोटू येतात, दारू काय पिते, सिगरेट काय वढते, काही ताळतंत्र नाई. मी चादर पिळता पिळता थांबली. मनात आलं, राजाच्या घरच्या पोरीलेही टाकतात का मंग.

यायाची होती सकाळी. शाळेतली पोट्टेपोट्टी हातात कागदाचे झेंडे घेऊन रस्त्याच्या दोन्ही अंगानं उभी. दुपार झाली, नाई आली. एक पोट्टी चक्कर येऊन पडली, तिले सावलीत नेलं. मास्तर चिडले, बाया चिडल्या, मीही चिडली, लेकराईले उन्हात उभं करून हे कोनतं राजेपन. मंग दिवस कलला तवा मोटार आली. काऊन उशीर झाला तं झोपली होती मने.

उतरली. हिरवं झगझगीत झंपर, डोळ्यावर काळा चष्मा, ओठ लाल. उंच टाचाचे जोडे, ते मुरमात फसले. साहेब हात द्याले धावले, तिनं पाहिलंही नाई, जोडे काढले, एका हातात धरले आन अनवाणी चालत पोट्ट्याइकडं आली. जे पोट्टी पडली होती ना, तिच्यासमोर उकिडवी बसली आन सोताचा काळा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. पोट्टी हासली, मंग सारे हासले. काय सांगू तुमाले, ती हासली का समोरच्या एकेकाले वाटे, हे माह्याचसाठी हासली. सकाळपासूनचा राग होता, कोठ गेला कोनाले पत्ता नाई. मास्तरच टाळ्या वाजवून राहिले होते.

पन ते बाहेर. आत तिचं वेगळंच. महाराजानं दोन दिवस खपून इंग्रजी जेवन केलं होतं, नागपूरले जाऊन शिकून आले होते. ती टेबलावर बसली, एका ताटलीत काटा टोचला, तसाच ठेवला. सूप नाई पेली. शेवटी गोड पुडिंग आनलं, वरती साखरेचं फूल काढलेलं, तं तिनं त्या पुडिंगमधी सिगरेट इझवली आन उठून गेली. मी भांडे उचलाले दाराशी उभी होती. महाराज आतून पाहून राहिले होते. पंचा तोंडाले लावून मांगच्या ओट्यावर जाऊन बसले. ते ताटली म्या धुतली. घासता घासता मनलं, असली कसली राजकुमारी, आमच्या गावातल्या दारुड्यानंही अन्नात थोटूक नसतं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबासोबत जीपनं पाखरं पाहाले जायाचं ठरलं होतं. साहेब समोर उभे, आन ही मांगच्या दारानं निघून सरळ पान्यावर. तिच्यासोबत नागपूरच्या एक मॅडम होत्या, इंग्रजीचं मराठी करून सांगाले आनलेल्या, त्या बिचाऱ्या साडी सावरत मांगं पळत. काठावर बा जाळं साफ करून राहिला होता, माय तीन गोट्याच्या चुलीवर मासोळी शिजवत होती, मीही तेथच. राजकुमारी डोंग्याजवळ आली आन बसलीच. बा मने, मॅडम, साहेब मले मारंल. मॅडम मनल्या, मी काय करू हो, ही कोणाचं ऐकत नाही. तं मंग नेलं. बा एका टोकाले, मी एका टोकाले वल्हं घेऊन, मधात त्या दोघी.

पान्यात आली तं ती बदलली. हात पान्यात सोडून बसली. पाखरं बसले होते कमळाच्या पानाईत, तिकडं पाहे. बऱ्याच वेळानं मॅडमकडून इचारलं का हे पोरगी कोन. बा मने, माही लेक. लग्न झालं काय? बानं खाली पाहिलं. मंग म्याच मनलं, झालं, टाकलं मले नवऱ्यानं. मॅडमनं ते इंग्रजीत सांगाले वेळ लावला, तिकडं टाकलं याले शब्द नसन बहुतेक. राजकुमारीनं माह्याकडं पाहिलं, पहिल्यांदा नीट पाहिलं, आन काही बोलली. मॅडम मनल्या, त्या विचारतात, तुला राग येतो का. म्या मनलं, येते नं. तुमाले नाई येत? मॅडमचं तोंड उतरलं, पन सांगितलं त्याईनं. तं राजकुमारी एवढी जोरानं हासली का सारे पाखरं उडाले. मंग हळूच मनली, मले तं रोज येते, पन ज्याच्यावर काढाचा त्याच्यावर काढता येत नाई, मंग जो समोर दिसंल त्याच्यावर काढतो, असं माहं हाय. मले महाराजाची ताटली आठवली. मले वाटलं, आपन काय केलं ते हिले मालूम हाय.

वापस आलो तं काठावर साहेब. लाल झालेले. तिले काही मनता येत नव्हतं, तं सारं माह्या बावर निघालं. कोणाला विचारून नेलं, काही झालं असतं तर, उद्यापासून तुझा डोंगा या पाण्यात दिसला नाही पाहिजे. साऱ्या लोकाईसमोर. बा हात जोडून उभा. आन ती? तिनं जोडे उचलले आन मांगं न पाहता बंगल्यात गेली. मॅडमही गेल्या मांगून. माह्या मनात आलं, गोड बोलून गेली आन आमचं पोट घेऊन गेली. बा जाळ्याजवळ खाली बसला. माय मने, जेवून घ्या. बा मने, नोको. डोंगा नाई तं ढिवरानं कराचं काय, तुमी सांगा.

आमी तसेच बसून होतो, आन मॅडम पळत आल्या. सुमन, चल लवकर. मी मनलं, आता काय झालं. तं झालं असं का राजकुमारीले भूक लागली होती. काल काही खाल्लं नाई, सकाळी काही खाल्लं नाई, आन डोंग्यात बसतानी मायच्या चुलीवरच्या गंजातल्या मासोळीचा वास तिच्या नाकात गेला होता. टेबलावर बसून मने, डोंग्यावाल्या पोरीच्या हातची मासोळी पाहिजे, नाई तं मी जेवत नाई. आन साहेब त्या म्हाताऱ्यावर काऊन ओरडले ते मले सांगा, मने. मॅडमनं सांगितलं. तवा तिनं साहेबाले सर्वासमोर मनलं का चूक माही होती, त्याईनं नाई मनलं होतं, मी बसली. डोंगा तेथच राहील, मले सांजच्याले आनखी एकदा जायाचं हाय, आन तुमीही चला.

मी मरळ मासोळी घेऊन सैपाकखोलीच्या चौखटीपर्यंत गेली आन थांबली. आत महाराज उभे. ते माह्याकडं पाहून राहिले, मी त्याइच्याकडं. साहेबाचा हुकूम होता, तं नाई मनता येत नव्हतं, पन त्याईनं तोंड वाकडं करूनही बाजूले होता आलं असतं. तसं नाई केलं. चुलीत लाकूड सारलं आन मनले, आ जा बेटी, आँच तैयार है.

मायच्या हातचीच रीत, दुसरी मले येत नव्हती. लसून, लाल मिरची, चिचेचा कोळ, वरून सांबार, तुमी कोथिंबीर मनता ते. इंग्रजाची बाई मनून तिखट कमी नाई केलं, सुचलंच नाई. भातासोबत वाढलं. तिनं काटा बाजूले ठेवला, हातानं जेवली. नाकातून पानी, डोळ्यातून पानी, ओठाचा लाल रंग सारा पुसून गेला, आन आनखी माग आनखी माग. बाईसाहेब बसून पाहात होत्या. जेवन झालं तं उठून सैपाकखोलीत आली, महाराजासमोर उभी राहिली आन काही बोलली. मॅडम मनल्या, कालच्याबद्दल माफी मागतात. महाराजानं हात जोडले, त्याइचे डोळे भरले. आन मी पाहून राहिली होती, माफी मागतानीही तिच्या हातात सिगरेट, आन राख महाराजाच्या धुवून पुसलेल्या फरशीवर पडून राहिली. अशी होती ती. दोन्ही एका वक्ती.

सांजच्याले साहेबाले डोंग्यात बसवलं. साहेबाले पोहता येत नव्हतं. दोन्ही हातानं काठ धरून बसले होते, तिनं बाले इशारा केला का हालव थोडा. बानं नाई हालवला. तेवढी अक्कल बाले होती.

जातानी माहा फोटू काढला डोंग्याजवळ. पाठवतो मने. पोस्टमनले मी लय वर्षं इचारत होती. नाई आला. इसरली असन, अशा मानसाले किती लोकं भेटत असतील.

पन त्या दिवसापासून मी सैपाकखोलीत राहिली. पाहुने येत आन इचारत, राजकुमारीले मासोळी खाऊ घालनारी बाई कोनती. महाराजानं मले सारं शिकवलं, पुडिंगही. मावशीच्या दुसऱ्या पोरीचं लग्न निघालं तं मावशी सोता आली, सुमन, सैपाकाचं तूच पाह्य मने. गेली मी. हळदीच्या येळेले कोनी मांगं बस मनलं नाई. महाराजाले शेवटी कोनी नव्हतं, गावी जायाचं नाव काढत नव्हते, तं माह्याचकडं होते. ढिवराच्या घरी. मले बेटीच मनत. जातानी तोंडात पानी म्या घातलं आन त्याईनं ते घेतलं.

ती मेली तवा टीव्हीवर दाखवलं. चहाच्या टपरीवर लोकं बसले होते, कोनी मने लय देखनी होती, कोनी मने लय वाया गेलेली होती. मले इचारलं, तुवं तं पाहिली व माय, कशी होती. म्या मनलं, दोन्ही खरं हाय. लेकराईले उन्हात उभं करनारीही तीच, आन त्या पोरीच्या नाकावर चष्मा ठेवनारीही तीच. माह्यावर उपकार कराले ती आली नव्हती. तिले भूक लागली होती आन ती हट्टी होती. पन तिच्या हट्टानं माह्या बाचा डोंगा राहिला, आन मले चौखटीच्या आत जागा भेटली. मी कशी इसरू?

आता माही सोताची खानावळ हाय, भावाची पोरगी सोबत असते, तिचा हात माह्याहून चांगला हाय. गुडघे दुखतात, बाकी देवानं काही कमी नाई केलं. शिवरात्रीले नागऱ्याले जातो, शंकरापाशी दिवा लावतो, मायचं नाव घेतो, बाचं घेतो, महाराजाचं घेतो. तिचं नाव माह्या तोंडात आजही बसत नाई, वाकडंतिकडं होते. मनून मी देवाले एवढंच मनतो, ते गोरी बाई, जिचा राग लय होता, तिले आता थंड ठेव. त्याले समजत असन कोनती. तुमीही बाई, एवढ्या दूरून आल्या, इतकं ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो. चला, ताट वाढतो.